समासात लिहिलेलं

फॉर्म बत्तीस प्रश्नांचा होता, कॉफी पातळ,
आणि बचाव पथकाच्या गॅरेजात आठ माणसं,
त्यातली दोन झोपलेली.
मी म्हटलं, कंपनी नवी गाडी काढतेय,
विजेवरची, हिमनदीवर चढणारी,
रस्ता संपला की जिचं काम सुरू होतं अशी.
काय काय हवंय तिच्यात, सांगा.

ओडनी म्हणाली, बटणं.
खरी. दाबली की टक्‌ वाजणारी.
काचेवर बोट फिरवायला हातमोजा काढावा लागतो,
आणि उणे अठरात काढलेला हातमोजा
आधी वारा घालून बघतो.

दाराचं लिहा. बिजागऱ्या जाड.
मागच्या मार्चमध्ये ब्रिन्यॉल्फुरनं दार उघडलं
आणि ते खालच्या कुरणात मेंढ्यांत जाऊन बसलं.
सगळे हसले. झोपलेल्यांपैकी एक झोपेतच हसला.
ब्रिन्यॉल्फुर नाही हसला,
त्या दाराचे हप्ते अजून चालू आहेत.

पाणी किती खोल चालेल तिला?
मी छातीठोक आकडा सांगितला.
सकाळचं की दुपारचं, त्यांनी विचारलं.
ऊन चढलं की वरचा बर्फ सुटतो,
सकाळी घोट्याशी खेळणारी नदी
दुपारी कमरेला हात घालते.
माझ्या फॉर्मातल्या नदीला घड्याळ नव्हतं.

चाकातली हवा बसल्या जागी सोडता यावी,
पार दोन पौंडांवर,
टायर बर्फावर थापल्यासारखं पसरेल इतकी.
आतून पाइपनं धुता यावी,
सुका मासा, ओला कुत्रा,
आणि रडून रडून ओकलेले पर्यटक,
सगळं एकाच सीटवर होतं कधी कधी.

आणि खोटं बोलू नये तिनं, स्वानलाऊग म्हणाली.
ऐंशी किलोमीटर उरलेत म्हटलं तर ऐंशीच उरावेत.
उतारावर आशा लावून चढावर हात वर करणारा
घरी आहे एक.

स्टेनग्रिमुर कोपऱ्यात होता. सत्तरीचा.
त्याला ही गाडीच नको होती.
इंजिन नाही तर मोजे कशावर वाळवू?
मटणाची पुडी कशावर ठेवू?
मी लिहून घेतलं : मोजे, ऊब.

बाकीचे साखळ्या आवरायला बाहेर गेले
तेव्हा त्यानं विचारलं, आवाज किती करते?
करतच नाही, मी म्हटलं.
हवा असेल तर स्पीकरमधून इंजिनाचा काढता येतो,
तरुणांना आवडतो तो.
तो बराच वेळ कपातल्या गाळाकडे बघत राहिला.

शोधायला निघालं, तो म्हणाला,
की दर अर्ध्या किलोमीटरवर इंजिन बंद करायचं.
खिडकी खाली. टोपी कानावरून वर.
श्वास धरायचा आणि ऐकायचं.
त्र्याऐंशीच्या फेब्रुवारीत, एका रात्री,
मी बंद केलं नाही.
त्या थंडीत परत चालू झालं नसतं तर?
गाडीत तिघं होते. पोरंच होती.
चौथ्या दिवशी सापडला तो.
आमच्या चाकांच्या खुणेपासून चाळीस पावलं.
मोजली मी. मग परत जाऊन मोजली.

तिनं गप्प राहावं, तो म्हणाला.
चालता चालता गप्प.
मोजे काय, मी पोटाशी धरून वाळवीन.

आवाजाचा प्रश्न होता, एकोणतिसावा :
दमदार, खेळकर की भविष्यवेधी.
मी समासात उभं लिहिलं,
कागद आडवा धरून,
शाई गोठली तशी पेन्सिलीनं पुढचं.

परतीच्या वाटेवर, घाटमाथ्यावर,
काही कारण नसताना मी माझी जुनी डिझेल थांबवली.
किल्ली मागे. खिडकी खाली.
वारा होता. वाऱ्याच्या मागे,
कुठेतरी खाली, पाणी होतं.
मग किल्ली पुढे फिरवली.
पहिल्या झटक्यात ती चालू झाली नाही.